हातातला पडदा आणि तिसऱ्या ओळीतली मुलगी

तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक नाव चुकीचे छापले गेले. एका गावातील शाळेच्या स्मरणिकेसाठी मी १९५८ सालचे एक समूहछायाचित्र मिळवले होते. शाळेच्या पायऱ्यांवर चार ओळींत छप्पन्न जण आहेत. पुठ्ठ्यावर डकवलेला हा फोटो ‘फुल प्लेट’ आकाराचा, म्हणजे साडेआठ बाय साडेसहा इंचांचा. मागे नावे लिहिलेली नाहीत. त्या वेळी नुकत्याच नोकरीला लागलेल्या एक बाई तेवढ्या हयात होत्या. त्या आता पंचाऐंशीच्या पुढच्या. मी फोटो त्यांच्या पुतण्याच्या फोनवर पाठवला आणि फोनवरूनच नावे उतरवून घेतली. तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचवी मुलगी ‘स्टेशनमास्तरांची धाकटी’ असे बाईंनी सांगितले. तसेच छापले.

स्मरणिका निघाल्यावर महिनाभराने एक तरुण घरी आला. जवळच्या धनगरवाडीतला. “ही आमची आजी,” तो म्हणाला, “वाडीतून शाळेत गेलेली पहिली मुलगी. ती सांगायची, फोटोत मी आहे म्हणून. तुम्ही तिच्या खाली दुसरंच नाव घातलंय.” आजी गेल्याला चार वर्षे झाली होती. घरात तिचा लहानपणीचा दुसरा फोटो नव्हता.

मी मूळ फोटो नीट स्कॅन केला, तिप्पट मोठा छापून घेतला आणि बाईंकडे गेलो. खिडकीपाशी कॉटवर तो पसरला. बाईंनी एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवले आणि पाचवीवर येऊन त्या थांबल्या. “अरे, ही स्टेशनमास्तरांची नव्हेच. हिच्या हनुवटीवर गोंदण आहे बघ. ही वाडीवरची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की हिचा खाडा व्हायचा.” स्टेशनमास्तरांची मुलगी मग शेवटच्या ओळीत सापडली.

मी विचारले, “बाई, मग त्या वेळी फोनवर?”

“फोनवर मी तुला कुठं बघून सांगितलं? मला जसं आठवत होतं तसं सांगितलं.”

या वाक्याने मला कामाला लावले. मी छायाचित्रकार नाही, विज्ञानाचा पदवीधरही नाही. पण पट्टी आणि भिंग घेऊन मोजता येईल तेवढे मोजले, वाचता येईल तेवढे वाचले. त्यातून जे हाती आले ते असे.

पहिली गोष्ट म्हणजे, लहान फोटो ही नवी गोष्ट नाही. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी या छायाचित्रकाराने ‘कार्त द व्हिझित’चे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक छबी घेऊन त्या कापायच्या आणि सुमारे दहा बाय साडेसहा सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यांवर चिकटवायच्या. पुढे या चिमुकल्या फोटोंचे वेड जगभर पसरले. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. आपल्या घरांतही १२० नंबरच्या फिल्मचे सहा सेंटिमीटरचे चौकोनी फोटो पत्र्याच्या डब्यांत असतातच. ते पाहताना कुणाची अडचण होत नाही.

मग अडचण कुठे येते? जुन्या लहान फोटोंत आकार आणि विषय यांचा मेळ होता. कार्त द व्हिझितवर बहुधा एकच माणूस असे. पासपोर्टचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पण तो जवळजवळ सगळा चेहऱ्याने व्यापलेला. समूहछायाचित्र मात्र भिंतीवर टांगण्यासाठी किंवा मांडीवर घेऊन पाहण्यासाठी काढलेले असे. आज या सगळ्यांना एकाच सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर यावे लागते. एकट्या माणसाचे त्यात बिघडत नाही. छप्पन्न जणांचे बिघडते.

आमच्या फोटोत एक चेहरा सुमारे ५ मिलिमीटर रुंद आहे. त्या मुलीच्या हनुवटीवरचे गोंदण ०.४ मिलिमीटर. उभ्या धरलेल्या फोनवर फोटो एक तृतीयांश होतो. चेहरा दीड मिलिमीटरच्या थोडा वर, तर गोंदण ०.१३ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला एकमेकांपासून वेगळे दिसणारे बारीकात बारीक अंतर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे धरतात. तीस सेंटिमीटरवरून ते ०.०९ मिलिमीटर भरते, पन्नास सेंटिमीटरवरून सुमारे ०.१५. म्हणजे फोन जवळ धरणाऱ्या तरुणाला ते गोंदण कसेबसे दिसेल. फोन हातभर लांब धरून पाहणाऱ्या बाईंच्या दृष्टीने ते नव्हतेच.

पडदे सुधारले, मग ही अडचण दूर होईल असे वाटते. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा, ३२० बाय ४८० ठिपक्यांचा होता. २०१० साली त्याच साडेतीन इंचांत ६४० बाय ९६० ठिपके मावले. तेव्हापासून उणीव पडद्याच्या ठिपक्यांची फारशी उरली नाही. आता मर्यादा आहे ती डोळ्याची, आणि ती ठिपके वाढवून हटत नाही. त्यासाठी चित्रच मोठे व्हावे लागते.

कुणी म्हणेल, दोन बोटांनी फोटो मोठा करावा. तेही करून पाहिले. एक तर, व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आखडतो. माझ्या स्कॅनमध्ये जे गोंदण नऊ-दहा पिक्सेलचे होते, ते तिथे तीनवर आले. त्यावर जेपेग पद्धतीचे आकुंचन होते. या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून त्यांतले बारीक चढउतार गाळले जातात. तीन पिक्सेलचे गोंदण त्यात पुसट डाग होऊन गेले. फोटो कितीही मोठा केला तरी गाळलेले परत येत नाही. दुसरे असे, की मोठा केला की एकच चेहरा उरतो, शेजारी दिसेनासे होतात. आणि समूहछायाचित्रातली ओळख पटते ती शेजाऱ्यांवरून. कोण कुणाला खेटून उभे आहे, कोण अनवाणी आहे, कुणाला टोकाला उभे केले आहे, यावरून.

पण मग बाईंनी नाव सांगितले तरी कसे, आणि तेही इतक्या खात्रीने? याचा उलगडा एका जुन्या प्रयोगात आहे. १९७३ साली बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मन यांनी चेहऱ्यांच्या ओळखीवर ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहिला. त्यात अब्राहम लिंकनचा चेहरा जेमतेम काहीशे करड्या चौकोनांत मोडून दाखवला होता. तरीही, विशेषतः डोळे बारीक करून किंवा लांबून पाहिले की, लिंकन ओळखू येत असे. ओळखीच्या चेहऱ्याला इतका थोडा तपशील पुरतो. बाकीचा मन भरते.

लहान पडद्याचा धोका मला इथे दिसतो. त्यावर काहीच दिसत नसते, तर आपण सावध झालो असतो. पण त्यावर ओळखीचे माणूस ओळखू येते, आणि पुसट जागीही आपण ओळखीचेच माणूस बसवतो. स्टेशनमास्तरांची मुलगी गावाला ठाऊक होती. तिच्या वडिलांचे क्वार्टर, तिचे फ्रॉक लोकांच्या लक्षात होते. वाडीवरची मुलगी आठवायला कुणाला कारण नव्हते. तिच्या बाजूने साक्ष देणारे एक गोंदण तेवढे होते, आणि नेमके तेच गळून गेले.

म्हणून आता मी काही नियम पाळतो. मूळ फोटो किमान ६०० डीपीआयने स्कॅन करतो. पाठवायचा झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो, म्हणजे तो आखडत नाही. नावे विचारायला मात्र छापील प्रत घेऊनच जातो, निदान ए-थ्री आकाराची, आणि दिवसाउजेडी. सांगणाऱ्याला आधी नाव विचारत नाही. काय दिसते ते विचारतो.

दिवाळीत घरची वडीलधारी मंडळी एकत्र येतात. माळ्यावरचा एखादा समूहफोटो उतरवून त्यांच्यापुढे मोठा करून ठेवता आला, तर या चार दिवसांत बरेच काम होईल. मागे पेन्सिलीने नावे लिहावीत, आणि कुणी सांगितली तेही.

त्या तरुणाला मी मोठी प्रत दिली. स्मरणिकेच्या शिल्लक प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. वाटल्या गेलेल्या तीनशे प्रतींत ती मुलगी अजून स्टेशनमास्तरांचीच आहे.