समुपदेशकाचं कोण ऐकतं?

आपल्या पिढीला एक चांगली सवय लागली आहे. झोप उडाली, कामात जीव लागेना, घरात सारखे खटके उडायला लागले, की आपण समुपदेशकाकडे जायचा विचार तरी करतो. आईवडिलांच्या वेळी हा शब्दच घरात नव्हता. पण कोणाकडे जायचं हे ठरवताना आपण काय बघतो? पदवी, अनुभवाची वर्षं, फी आणि ॲपवरचे तारे. मीही हेच बघत होतो. गोव्यात या विषयावर झालेलं काम वाचल्यापासून मात्र मी पहिला प्रश्न वेगळाच विचारतो.

माझं गाव केरी, पेडणे तालुक्यातलं. (सत्तरीतही केरी आहे आणि फोंड्यालाही, म्हणून तालुका सांगावाच लागतो.) गोव्याच्या किनाऱ्याचं हे उत्तरेकडचं टोक, नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. सरकारी मनोरुग्णालय बांबोळीला, म्हणजे केरीहून बसने जायचं तर आख्खा दिवस मोडतो. शिवाय गावात कोणी ‘मला डिप्रेशन आलंय’ असं म्हणत नाही. ‘न्हीद येना’, ‘आंग दुखता’, फार तर ‘टेन्शन’. माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, ताकदीच्या गोळ्या घेतो आणि परत येतो.

याच माणसांसाठी डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. त्यांचा प्रश्न साधा होता. मानसोपचारतज्ज्ञ इतके थोडे असताना साध्या माणसांना शिकवून हे काम करता येईल का? ‘मानस’ या त्यांच्या प्रकल्पात गोव्यातल्या २४ दवाखान्यांमधून २,७०० हून अधिक रुग्णांची पाहणी झाली, आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने ती छापली. सरकारी आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकांचा फायदा स्पष्ट दिसला. खासगी डॉक्टरांकडे फारसा फरक पडला नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं.

पुढचा प्रकल्प मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तीव्र नैराश्य असलेल्यांसाठी त्यांनी सहा ते आठ भेटींची एक पद्धत बसवली, ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’. त्यात लांबलचक मनोविश्लेषण नाही. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. देवळातलं भजन, शेजारी जाणं, परसातली झाडं. सोडलं की आणखी उदास होतो. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून यातली एखादी छोटी गोष्ट पुन्हा सुरू करायला मदत करतो आणि पुढच्या भेटीत तिचं काय झालं ते विचारतो. ‘नैराश्य’ हा शब्द वापरायचा आग्रह नाही, ‘टेन्शन’ म्हटलं तरी चालतं. हे काम करणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. अट होती दहावीपर्यंतच्या शिक्षणाची आणि स्थानिक भाषा येण्याची. तीन महिन्यांनंतर या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के.

हे वाचून माझ्या मनात पहिली शंका आली तीच तुमच्याही आली असेल. तीन आठवड्यांच्या वर्गावर हे जमलं? नाही. वर्ग तीनच आठवड्यांचा होता, पण त्यानंतर सहा महिने उमेदवारी होती. आणि ती संपल्यावरही शिकणं थांबलं नाही. समुपदेशक दर आठवड्याला चार-सहा जणांच्या गटात बसत. रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेली एखादी भेट निवडली जाई. कोणती, हे समुपदेशकाने ठरवायचं नाही, नाहीतर प्रत्येकजण आपली उत्तम भेटच आणणार! सगळे ती ऐकत आणि एका ठरलेल्या तक्त्यावर गुण देत. रुग्णाचं बोलणं मध्येच तोडलं का? मागच्या वेळी ठरलेल्या कामाची चौकशी केली का? उपदेश तर सुरू केला नाही? मग चर्चा. सुरुवातीला तज्ज्ञ बरोबर बसत, पुढे गटातलेच लोक ही बैठक चालवू लागले. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाचा कोडही दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. बंद दाराआड, एकट्याने, वर्षानुवर्षं काम करायचं आणि ते कसं होतंय हे दुसऱ्या कोणीच पाहायचं नाही, ही मला तरी भीतीदायक कल्पना वाटते. अमेरिकेत १७० थेरपिस्ट आणि त्यांचे साडेसहा हजारांहून जास्त रुग्ण यांची नोंद अनेक वर्षं ठेवून २०१६ मध्ये अभ्यास झाला. वाढत्या अनुभवाबरोबर थेरपिस्टचे निकाल सरासरीने सुधारले नव्हते, उलट किंचित घसरले होते. काहीजण सुधारले, पण नुसती वर्षं मोजून ते ओळखता येत नाहीत.

ब्रिटनमध्ये समुपदेशकांच्या मुख्य संघटनेची अट आहे, महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना नोंदणी चालू ठेवण्यासाठी शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. ही चांगली गोष्ट आहे, पण असे गुण व्याख्यानांना आणि कार्यशाळांना बसून मिळतात, तुमची भेट कोणी ऐकलेली नसते. आणि ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावणारे बरेचजण या नोंदणीच्या बाहेरच आहेत. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशकांचा समावेश झाला, त्याची घडी बसायला वेळ लागेल.

तोपर्यंत आपणच विचारायचं. माझ्या एका चुलतभावाने ऑनलाइन समुपदेशन सुरू करायच्या आधी तिघांना हाच प्रश्न केला, ‘तुमच्या कामाबद्दल तुम्ही कोणाशी बोलता, आणि किती वेळा?’ एकीने लगेच सांगितलं, दर पंधरवड्याला, अमुक ज्येष्ठांकडे, रुग्णाचं नाव न घेता. दुसऱ्याने पदव्या सांगितल्या. तिसऱ्याला राग आला. भाऊ पहिलीकडे गेला. प्रश्न उद्धट नाही, फक्त आपल्याला संकोच वाटतो, कारण डॉक्टरला प्रश्न विचारायचा नसतो असं घरात शिकलेलो आहोत.

इंजिनिअर म्हणून मला साहजिकच वाटलं होतं की हे सगळं शिक्षण ॲपवर टाकता येईल. ‘संगत’ने तेही करून पाहिलं, मध्य प्रदेशात आशा कार्यकर्त्यांना हीच पद्धत स्मार्टफोनवरून शिकवून. शिकता येतं. पण २०२० च्या छोट्या प्राथमिक चाचणीत समोरासमोरच्या वर्गात शिकलेल्यांची तयारी नुसत्या फोनवर शिकलेल्यांपेक्षा जास्त वाढली होती. व्हिडिओ केरीपर्यंत पोचवणं सोपं आहे. आठवड्याला चार माणसं एका खोलीत बसवून एकमेकांचं काम ऐकायला लावणं, तेही पेडण्याच्या बोलीत, याला अजून सोपी वाट मला सापडलेली नाही. तोपर्यंत गावी कोणाला लगेच गरज पडली, तर ‘टेली मानस’चा सरकारी क्रमांक १४४१६ आहे. फुकट आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो.