मिठागरातील जांभळा जीव

मिठागरातील दाट खाऱ्या पाण्याला कधी कधी लालसर रंग का चढतो? कुणी दैवी कोप म्हणेल. आम्ही कारण सांगतो. त्या पाण्यात हॅलोबॅक्टेरियमसारखे सूक्ष्मजीव असतात. १९७१ साली ओस्टरहेल्ट व स्टोकेनियस या शास्त्रज्ञांनी त्याच्या जांभळ्या आवरणातील एक प्रथिन ओळखले. त्यातील रेटिनल हे द्रव्य आपल्या डोळ्यांतही असते. प्रकाश पडताच हे प्रथिन पंपासारखे प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते. ते दुसऱ्या वाटेने आत परतताना, धरणाच्या पाण्यावर वीज व्हावी तशी, पेशीसाठी ऊर्जा तयार होते.

कारणाशिवाय काही घडत नाही, हीच तथागतांची शिकवण. आपल्या पूर्वजांना प्रश्न विचारण्याचीही बंदी होती. म्हणून घरातील मुलाने ‘का?’ विचारले, तर बंधुभगिनींनो, त्याला गप्प करू नका.