मागच्या चाकाला दाब कमी का?

गणपतीला आपली बरीच मंडळी बेळगाव, गोव्याहून जुन्या गाड्या घेऊन कॅसलरॉकला येतात, म्हणून हा विषय. आम्ही काही मेकॅनिक नव्हे, आयुष्य बँकेत गेले. पण दोन पावसाळ्यांपूर्वी अनमोड घाटात मोलेकडे उतरताना ब्रेक दाबला आणि आमच्या गाडीचे शेपूट एकदम बाजूला फिरले. सौ. आणि नातू आत होते. कठडा हातभर लांब राहिला.

ब्रेक दाबला की भार पुढे झुकतो. एसटीत उभे राहणाऱ्याला हे सांगायला नको. पुढची चाके रस्ता घट्ट धरतात, मागची हलकी होतात, म्हणून मागे दाब कमी हवा. पुढची चाके आधी अडकली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी बहुधा सरळ घसरते. मागची आधी अडकली तर गरकन फिरते, आणि ते जास्त वाईट.

चारही चाकांना ड्रम असत तेव्हा हा मेळ सिलिंडरच्या मापाने आणि शूजच्या रचनेने साधत. पुढे डिस्क आल्यावर अनेक गाड्यांत मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग वॉल्व्ह बसू लागला. ठरावीक दाबापर्यंत तो सगळा दाब मागे जाऊ देतो, पुढे वाढीव दाबातला काही भागच सोडतो. काही गाड्यांत तो दांड्याने मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो, त्यामुळे मागे माणसे-सामान भरले की मागचा दाब वाढतो.

आमचा वॉल्व्ह गळत होता. एका गॅरेजात तो काढून लाइन सरळ जोडून दिली, बिलावर नुसते ‘ब्रेक काम’. बँकेत असे व्हाउचर आम्ही पास केले नसते! कोरड्या रस्त्यावर काही जाणवले नाही, ओल्या उतारावर जाणवले.

तेव्हा ब्रेकचे काम झाले की काय काढले, काय घातले ते विचारा. मागचा सिलिंडर मूळ मापाचाच घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतले पाणी ओढते. नवे डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही हमी १४० वर येते. घाटात सतत ब्रेक दाबून तापवू नका, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. आपल्या स्टेशनवरून कुळेकडे ३७ ला १ असा उतार आहे, तिथे रेल्वेही ब्रेक तपासूनच गाडी सोडते.

आम्ही नवा वॉल्व्ह बसवून घेतला. नातू मात्र अजून मागे बसायला कुरकुरतो.