काजुपुट
(हिं. कायापुटी, लॅ. मेलॅल्यूका काजुपुटी, कुल-मिर्टेसी). जांभूळ, पेरू, लवंग व निलगिरी यांच्या कुलातील हा सदापर्णी वृक्ष म्यानमारपासून इंडोनेशिया व न्यू गिनीमार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत, मुख्यतः सखल व पाणथळ प्रदेशांत आढळतो. भारतात या प्रजातीतील वृक्ष उद्यानांतून शोभेकरिता लावतात. मलायी भाषेतील ‘कायू पुतिह’ (पांढरे लाकूड) या शब्दांवरून त्याला हे नाव पडले. पांढरेपणा मात्र वस्तुतः सालीचा आहे.

उंची साधारणपणे २५ मी. पर्यंत, साल जाड, मऊ व कागदासारखे पातळ पापुद्रे सुटणारी, पाने साधी, एकाआड एक, भाल्यासारखी, ५–७ समांतर शिरांची व तैलप्रपिंडयुक्त. फुले लहान, पांढरट; केसरदले असंख्य, पाच जुडग्यांत असल्यामुळे कणिश बाटली धुण्याच्या कुंचल्यासारखे दिसते. फुलोऱ्यानंतर फांदीचे टोक पुढे वाढत राहते. फळे (बोंडे) लहान व कठीण असून झाडावर दीर्घकाळ राहतात, बी अतिसूक्ष्म.

पाने व कोवळ्या डहाळ्या यांपासून ऊर्ध्वपातनाने काजुपुट तेल मिळते. त्यातील प्रमुख घटक सिनिओल होय. मोलकाझमधील बुरू बेट या धंद्याकरिता प्रसिद्ध आहे. तेलाची हिरवट छटा पूर्वी शुद्धतेची खूण समजत. ती पुष्कळदा तांब्याच्या भांड्यामुळे येई. सर्दी, सांधेदुखी व दातदुखी यांवर ते बाहेरून लावतात.

पापुद्र्यांच्या सालीमुळे खोड वणव्यातून बचावते, होरपळलेल्या खोडावर नवे धुमारे फुटतात आणि उष्णतेने बोंडे उकलून बी राखेवर पडते. तथापि जमिनीतील पीट पेटल्यास मुळेच जळतात व हे संरक्षण निरुपयोगी ठरते. व्हिएटनाममधील मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, आम्लधर्मी जमिनीवर, याची विस्तीर्ण वने होती; पायाच्या खुंटांसाठी तेथे याचेच सोट वापरतात. कालवे खोदल्याने पाणी ओसरून पीट सुकले. २००२ मध्ये ऊ मिन् थुआँग येथील वनाचा मोठा भाग जळाला. पुन्हा आग लागू नये म्हणून नंतर पाणी वर्षभर अडवून ठेवण्यात आले, त्याचाही झाडांना अपाय झाला. दलदलीत वाढणाऱ्या या वृक्षालाही ऋतूनुसार पाणी उतरणे आवश्यक असते.

मे. क्विन्क्वेनर्व्हिया ही ऑस्ट्रेलियातील जवळची जाती विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्लॉरिडात नेण्यात आली. तेथील एव्हरग्लेड्स दलदलीत तिने मूळच्या वनस्पतींना हुसकावून लावले. तिच्या नियंत्रणासाठी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेला, पाने खाणारा सोंडकिडा सोडण्यात आला.