उसाची नोंद ते बिल : सगळं एकाच प्रोग्रामात नको



कुंभार पिंपळगाव गटात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, सगळं कॉम्प्युटरवर गेलं म्हणता, मग तो बसला की कारखानाच बसायचा का?" प्रश्न रास्त आहे. काटा थांबला की अड्ड्यावर गाड्या तुंबतात, तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजन घटते ते सभासदाचे, आणि उतारा घटतो तो सगळ्यांचाच.

उत्तर एवढेच, की ते काम कसे बांधले यावर आहे. नोंद, तोडणी प्रोग्राम, काटा आणि बिल एकाच मोठ्या प्रोग्रामात गुंफले तर एका ठिकाणी बिघाड झाला की सगळे अडते. त्यापेक्षा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा हिशेब बरा. ट्रॅक्टर बिघडला म्हणून आपण ट्रॉलीतला ऊस खाली करीत नाही. पिन काढतो, दुसरा ट्रॅक्टर जोडतो. तसे प्रत्येक कामाचा प्रोग्राम वेगळा, वही वेगळी, आणि एकाने दुसऱ्याला द्यायची ती ठरलेल्या नमुन्यातली चिठ्ठी. हिशेबाचा संगणक बंद असला तरी काटा वजन करतो, पावती देतो, नोंद आपल्याजवळ ठेवतो आणि नंतर पुढे धाडतो. तीच नोंद दोनदा गेली तरी पावती नंबर एकच, म्हणून बिलात एकदाच धरायची. एफआरपी बदलली तर बिलाचा भाग बदलायचा, काट्याला हात लावायचा नाही.

याचा चांगला दाखला वारणानगरचा. १९९८ साली तेथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात गावोगाव संगणक केंद्रे निघाली. तोडणीची, वजनाची माहिती गावातच मिळू लागली. पुढे ते संगणक सांभाळणे जड जाऊ लागले. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलचा एसएमएस जोडून पाहिला. कारखान्याकडची माहिती तीच, गावाकडचे टोक तेवढे बदलले.

मात्र संगणकाने नंबर लावला म्हणजे तो पाळला गेला, असे आम्ही म्हणणार नाही. लागणीची तारीख माणूसच भरतो, टोळी माणूसच पाठवतो. म्हणून तारीख कोणी, केव्हा बदलली याची खूण नोंदीत राहिली पाहिजे. ती खोडता येत असेल तर सुटे भाग काय अन् एकच यंत्र काय, सारखेच.

बिलाचेही तसेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते दिवस काट्याच्या नोंदीवरून आपोआप मोजले जावेत, कुणाच्या आठवणीवर नकोत.

हंगामापूर्वी गट ऑफिसात येऊन गट नंबर, जात, लागण की खोडवा, तारीख आणि बँक खाते ताडून पाहा. चुकीचा आकडा आता एका वहीत पडून राहत नाही, बिलापर्यंत जातो. काट्याची पावती मात्र पैसे जमा होईपर्यंत जपून ठेवा.