एका दिवसाची संहिता : चॅनल फोरचा पहिला दिवस

कादंबरी, नाटक किंवा कवितासंग्रह यांना ‘साहित्यकृती’ मानताना अभ्यासकाला संकोच वाटत नाही. दूरचित्रवाणीवरील एका दिवसाचा कार्यक्रमपट मात्र आपण केवळ वेळापत्रक समजतो. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली या समजुतीला छेद दिला. दूरचित्रवाणीचा अनुभव सुट्या कार्यक्रमांचा नसतो, तो एकातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या ‘प्रवाहा’चा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही संकल्पना मोलाची असली तरी तिने सगळेच स्पष्ट होत नाही. काही दिवस प्रवाहापेक्षा नियतकालिकाच्या अंकासारखे रचलेले असतात. त्यांत सांधे लपवलेले नसतात आणि त्या सांध्यांतूनच अर्थ निर्माण होतो. ब्रिटनमधील चॅनल फोर या वाहिनीचा पहिला दिवस, २ नोव्हेंबर १९८२, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

त्या दिवशीचे प्रक्षेपण दुपारी पावणेपाचच्या सुमारास ‘काउंटडाउन’ या शब्द-अंकांच्या खेळाने सुरू झाले. नऊ अक्षरांतून जास्तीत जास्त लांब शब्द घडविण्याचा हा खेळ फ्रेंच दूरचित्रवाणीवरील एका जुन्या खेळावर आधारलेला होता. सायंकाळी हरमायनी ली यांचा ग्रंथचर्चेचा कार्यक्रम झाला. सात वाजता पीटर सिसन्स यांनी सादर केलेले, नेहमीच्या बातमीपत्रांहून बरेच दीर्घ असे वृत्तविवेचन झाले. आठ वाजता लिव्हरपूलमधील खऱ्याखुऱ्या घरांत चित्रित केलेली ‘ब्रुकसाइड’ ही मालिका सुरू झाली. नऊ वाजता स्टीफन फ्रीअर्स दिग्दर्शित ‘वॉल्टर’ हा चित्रपट दाखविला गेला. डेव्हिड कुक यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात इयन मॅकेलन यांनी एका मतिमंद माणसाची भूमिका केली होती. आईच्या मृत्यूनंतर त्याची रवानगी संस्थेत होते आणि तेथील निष्ठुर जीवन प्रेक्षकाला निमूटपणे पाहावे लागते. त्यापाठोपाठ एनिड ब्लायटनच्या बालसाहसकथांचे विडंबन आले, आणि रात्री उशिरा स्त्रियांच्या कविता व गाणी यांचा रंगमंचीय प्रयोग झाला.

‘वॉल्टर’नंतर लगेच विडंबन, हा क्रम प्रथमदर्शनी विसंगत वाटतो. परंतु जवळून पाहता दोन्ही कृती एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात. सुखवस्तू, सुरक्षित इंग्लंडची जी प्रतिमा बालवाङ्मयाने घरोघर पोहोचविली, तिच्यातून वगळलेला माणूस पहिल्या कृतीत दिसतो. दुसऱ्या कृतीत त्या प्रतिमेचीच थट्टा होते. हा अर्थ दोहोंपैकी कोणत्याही एका कृतीत पूर्णपणे सापडत नाही. तो त्यांच्या सान्निध्यातून उद्भवतो.

हे वैविध्य केवळ संपादकीय अभिरुचीचे फळ नव्हते. १९८० च्या प्रक्षेपणविषयक कायद्यानेच या वाहिनीवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या होत्या. आयटीव्हीकडून सहसा न भागणाऱ्या आवडींची दखल घेणे ही एक, आणि आशय व रूप या दोहोंत नवे प्रयोग करणे ही दुसरी. आर्थिक व्यवस्थाही तिला अनुकूल होती. आयटीव्हीच्या कंपन्या वर्गणी भरीत, आणि त्या बदल्यात नव्या वाहिनीवरील जाहिरातींची विक्री त्या स्वतः करीत. त्यामुळे प्रेक्षकसंख्या आणि उत्पन्न यांचा थेट संबंध तुटला होता. पहिल्या दिवसांत तर अभिनेत्यांच्या संघटनेच्या वादामुळे जाहिरातींच्या कित्येक जागा रिकाम्याच गेल्या, तरीही कार्यक्रम अबाधित राहिले. वाहिनी बहुतांश कार्यक्रम स्वतः निर्मीत नसे, ते बाहेरून घेत असे. तिचे पहिले प्रमुख जेरेमी आयझॅक्स यांच्या कारकिर्दीत कार्यक्रम निवडणाऱ्यांना दिलेले पदनाम ग्रंथप्रकाशनातील संपादकाचेच होते, हा योगायोग नव्हे.

तथापि या संकलनाची मर्यादाही त्याच आठवड्यात स्पष्ट झाली होती. वेल्समध्ये एक दिवस आधी, १ नोव्हेंबर १९८२ रोजी, एस फोर सी ही वेल्श भाषेची वाहिनी सुरू झाली होती. सरकार दिलेल्या आश्वासनापासून मागे हटताच १९८० मध्ये ग्विन्व्होर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला, आणि सरकारला निर्णय बदलावा लागला. परिणामी वेल्समध्ये मोक्याच्या वेळी वेल्श कार्यक्रम लागत, आणि चॅनल फोरचे इंग्रजी कार्यक्रम इतर वेळांत विखुरले जात. म्हणजे ही संहिता वेल्समध्ये निराळ्या पाठाने वाचली गेली. रुचींच्या वैविध्याला एका वाहिनीत जागा मिळाली, भाषेला मात्र स्वतंत्र घर मागावे लागले. बहुभाषिक साहित्यव्यवहाराच्या अभ्यासकाने हा भेद दृष्टीआड करू नये.

१९९३ पासून चॅनल फोर आपल्या जाहिराती स्वतः विकू लागली, आणि प्रेक्षकसंख्येचे वजन वाढले. ‘ब्रुकसाइड’ २००३ मध्ये संपली, ‘काउंटडाउन’ टिकून राहिले. आज हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा पाहता येतो. त्यामुळे न मागितलेले शेजारीही समोर आणणारा दिवस हा रचनाप्रकार क्षीण होत आहे. सुटी कृती संग्रहात जतन होते, परंतु तिचे शेजार जतन होत नाही. मासिकाच्या अंकातून उचलून ग्रंथात बसविलेल्या कवितेचे नेमके हेच होते. म्हणून कृतीबरोबर ती ज्या पानावर, ज्या दिवशी आणि ज्यांच्या शेजारी प्रथम अवतरली त्याची नोंद ठेवणे, हे तौलनिक अभ्यासाचे गौण काम नसून त्याचा पाया आहे.