हात न लावता उघडणारी डिकी

सकाळी ९
पोळी-भाजीचे डबे पोचवणाऱ्या एका ताईंची छोटी एसयूव्ही आज कामाला घेतलीय. त्यांचा खांदा आखडलाय. डॉक्टरांनी हात वर न्यायला मनाई केलीय आणि या गाडीचं मागचं दार वर उचलल्याशिवाय एकही डबा आत जात नाही. "दादा, बटण दाबलं की उघडलं पाहिजे, बटण दाबलं की मिटलं पाहिजे. एवढंच करा," म्हणाल्या. एवढ्यासाठी अख्खा दिवस जातो. दार उघडून देणं सोपं आहे. नको तेव्हा ते उघडू नये आणि मिटताना कुणाचं बोट सापडू नये, यासाठी खरा वेळ लागतो. हे काम कुणी दोन तासांत करून देतो म्हणाला, तर तो यातलं काय गाळतोय ते गिऱ्हाइकानं जरूर विचारावं.

साडेनऊ
आधी गाडी जशी आली तशी तपासली. डिकीचा दिवा, मागचा वायपर, काचेचा हीटर, कॅमेरा, सेंट्रल लॉक, सगळं चालवून पाहिलं, वहीत लिहिलं, ताईंची सही घेतली. गाडी अजून वॉरंटीत आहे, म्हणून कंपनीची एकही वायर कापायची नाही. काम कपलर टू कपलर. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबलो. एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेला करंट उतरायला काही मिनिटं लागतात, आणि मागच्या खांबांवरचं प्लॅस्टिक काढताना हात पडदा-एअरबॅगच्या जवळ जातो. पिवळा कपलर दिसला की हात मागे घ्यायचा, हे हाताखालच्या पोराला मी पाना धरायच्या आधी शिकवलंय.

साडेदहा
दार लाकडी दांड्यावर टेकवलं आणि मगच शॉकअपला हात घातला. बारीक स्क्रूड्रायव्हरनं तारेची क्लिप सैल केली की शॉकअप गोळीवरून सुटतो. जुन्या शॉकअपमध्ये प्रचंड दाबानं नायट्रोजन भरलेला असतो. तो भंगारात टाकायचा असला तरी भोक पाडायचं नाही, जाळायचा तर मुळीच नाही. नव्यात मोटर, गिअर आणि लांब स्क्रू असतो, भोवती जाड स्प्रिंग. दाराचं बरंचसं वजन ही स्प्रिंगच पेलते, म्हणून एवढीशी मोटर पुरते.

साडेअकरा ते दीड
वायरिंग. गाडी परत गॅरेजला येते ती बहुतेक यात केलेल्या घाईमुळे. मेन वायर थेट बॅटरीवरून घेतली आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवला, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं काही नसतं. तिथून इंजिनच्या पडद्यातल्या रबरातून आत आणि उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे.

मग छत आणि दार यांच्यामधली रबरी नळी. दार जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा इथल्या वायरी वाकणार. या नळीत जोड द्यायचा नाही, सोल्डर तर नाहीच. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि वाकून वाकून नेमकी तिथेच तुटते. टाल्कम पावडर लावून अख्खी वायर हळूहळू सरकवली. पोरगा पलीकडून ओढत होता, मी अलीकडून देत होतो. ओढताना झटका दिला तर आतल्या कंपनीच्या वायरी ताणल्या जातात. या दोन फुटांना अर्धा तास गेला, आणि तो जायलाच हवा.

अडीच
जेवण झालं तेवढ्यात विमानतळावर भाडी मारणारे एक टॅक्सीवाले भाऊ आले. सेडान, डिकीत सीएनजीची टाकी. किल्लीच्या बटणावर झाकण आपोआप वर जायला हवंय. लॉकच्या मोटरला रिले दिला, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, नाहीतर रिले सुटताना बसणारा उलटा झटका गाडीच्या कंट्रोलरला बाधतो. टाकीच्या व्हॉल्व्हजवळ जोड ठेवला नाही. बिजागरीला स्प्रिंग लावली ती बेताचीच. जोराची मागत होते, नाही दिली. वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीवर झाकण बसलं तर दात पडतील.

साडेचार
ताईंच्या गाडीची बॅटरी जोडली. दार एकदा पूर्ण उघडून पूर्ण मिटवावं लागतं, म्हणजे मोटरमधल्या हॉल सेन्सरचे ठोके मोजून कंट्रोलर दोन्ही टोकं ओळखतो. मिटताना ठोके मंदावले की काहीतरी आडवं आलंय असं समजून तो दार परत वर नेतो.

हे मी काकडी धरून तपासतो. खालच्या कडेला धरली तर दार लगेच मागे फिरलं, काकडीवर जेमतेम ओरखडा. वर, बिजागरीजवळ धरली तेव्हा मात्र ती चेचली गेली. तिथे अडथळा मोटरला फारसा जाणवत नाही आणि बोटावर जोर मात्र कितीतरी जास्त येतो. संवेदनशीलता वाढवत, पुन्हा नवी काकडी धरत बसलो. आता बिजागरीजवळही दार वेळेत फिरतं. गाडी उतारावर उभी करूनही पाहिलं, कारण तिथे दाराचा भार बदलतो.

शेवटी गाडी 'पी'मध्ये नसेल तर बटण चालणार नाही अशी जोडणी केली. चालत्या गाडीचं मागचं दार उघडं राहिलं तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

सहा
ताई आल्या. लाथ मारून उघडणारा सेन्सर लावू नका असं मी सकाळीच सांगितलं होतं. दोन्ही हातांत डबे घेऊन पावसात एका पायावर उभं राहायचं कशाला? किल्लीचं बटण बरं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बीम खाली आहे म्हणाल्या, म्हणून दार त्यांच्या खांद्याच्या बेताला थांबवून ती उंची सेट करून दिली. बॅटरी उतरली तर मागची सीट पाडून दाराच्या आतल्या खाचेतून लॉक हातानं कसं सोडायचं, ते त्यांच्याकडूनच करून घेतलं. आठ दिवसांनी गाडी आणा, ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळून देतो, त्याचे पैसे नाहीत.